हिम्मतरावांचा फेटा आणि पडलेले उमेदवार

आमच्या दाजींची, म्हणजे माझ्या अक्काच्या नवऱ्याची, सगळी नोकरी आबिड्सच्या पोस्टात झाली. पण या तेलुगू शहरातल्या आमच्या गौलीगुड्यात हिम्मतरावांना कुणी पोस्टातले म्हणत नाही, फेटेवाले म्हणतात. लोकसभा लागली की उमेदवार आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये येणार आणि दाजी त्याला फेटा बांधणार, हे ठरलेलं. फेट्याचा रंग पक्षाप्रमाणे बदलायचा, बांधणारे हात मात्र तेच.

या मतदारसंघाचा इतिहास लोक आकड्यांत सांगतात, दाजी डोक्यांत सांगतात. एक दिल्लीहून पाठवलेले गृहस्थ होते, त्यांचं डोकं एवढं लहान की निम्मं कापड उरलं. एक डॉक्टर होते, ते फेटा बांधताना सारखे खोकायचे. एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यानं फेट्याखालची टोपी काढायलाच नकार दिला. एक बाई उभ्या होत्या, त्यांचा अंबाडा सोडायला कुणी धजावेना, मग अक्कानं तो सोडला. यातलं एकही डोकं दिल्लीला गेलं नाही. आमच्याकडे निवडून येणारा पक्ष पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला, आणि त्याला आमच्या हॉलची गरज कधी पडली नाही. आमच्याकडे यायचे ते पडणारे.

आणि यायचे तरी कशाला? तर दाजींनी उठवून दिलं होतं, की इथल्या मराठी माणसांची हजारो मतं एकगठ्ठा आहेत आणि ती आपल्या शब्दावर पडतात. शब्दावर! अहो, घरात अक्का त्यांच्या शब्दावर चहासुद्धा ठेवत नाही. पण उमेदवार यायचा, हॉल गच्च भरलेला बघायचा, श्रीखंड-पुरी खायचा, ‘माझा मराठी बंधूंना नमस्कार’ एवढं पाठ केलेलं वाक्य बोलायचा आणि गाडीत बसला की फेटा काढून मांडीवर ठेवायचा. पुढं बेगमबाजारात त्याला दुसरी पगडी घालायची असायची. दाजी दर वेळी गाडी वळेपर्यंत बघत उभे राहायचे आणि ‘तेवढं कोपऱ्यापर्यंत तरी ठेवायचं’ असं पुटपुटायचे. मला त्या उमेदवारांचा राग यायचा आणि दाजींचा त्याहून जास्त.

या वेळच्या लोकसभेला मात्र गंमत झाली. दाजींची नात हर्षदा, तिचं लग्न ठरलं. नवरा मुलगा हर्षवर्धन इथलाच, कंप्युटरवाला, भला पोरगा. त्याचे काका दिलीपराव हे अशाच एका हरणाऱ्या पक्षाचे हाडाचे कार्यकर्ते. लग्नाची बोलणी करायला आले तेव्हा दाजींनी मोठ्या हौसेनं सांगितलं, की नवरदेवाचा फेटा मीच बांधणार. दिलीपराव सुपारी चघळत हल्लू बोलू लागले. त्यांच्या पक्षात म्हणे अभ्यास झाला होता. हिम्मतरावांनी ज्याला ज्याला फेटा बांधला, तो तो पडला, एकही अपवाद नाही. तेव्हा या वेळी साहेब, म्हणजे त्यांचे उमेदवार, हॉलमध्ये येतील, शाल घेतील, फेटा नक्को. आणि शुभकार्यात नवरदेवालाही नको, फेटेवाला आम्ही बाहेरून सांगू.

एवढ्यावर थांबले असते तर त्यांना दिलीपराव कशाला म्हटलं असतं? जाता जाता त्यांनी दाजींना बाजूला घेऊन विचारलं, की समोरच्या पक्षाच्या उमेदवाराला जाऊन फेटा बांधाल का, गाडी आम्ही पाठवू.

दाजी त्या दिवशी जेवले नाहीत. फेट्याचं कापड मांडीवर घेऊन बसले आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मला म्हणाले, ‘काय रे, खरंच माझ्या हाताला काही आहे का?’ उभ्या आयुष्यात मी त्या माणसाला एवढं बारीक झालेलं पाहिलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं सरळ विचारलं, की हाताला काही नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, मग खरं का सांगून टाकत नाही?

खरं काय होतं, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि बाहेर कुणाला नव्हतं. गौलीगुडा, सुलतान बाजार इथली मराठी घरं कधीच उठून गेली. कुणी कुकटपल्लीला फ्लॅट घेतला, कुणी मियापूरला, कुणी अंबरपेठेत. गेले तसं मतदानही तिकडं गेलं. कुकटपल्लीचं मत एका मतदारसंघात, मियापूरचं दुसऱ्या, अंबरपेठेचं तिसऱ्या. मध्ये सरकारनं मतदारसंघांच्या सीमा नव्यानं आखल्या, त्यात राहिलेसाहिलेही पांगले. पण मंडळाचा कार्यक्रम म्हटला की ही सगळी मंडळी बसनं, मेट्रोनं गौलीगुड्याला यायची, जुन्या ओळखी निघायच्या, पोरापोरींची स्थळं बघितली जायची, श्रीखंड तर असायचंच. हॉल भरायचा. उमेदवाराला वाटायचं, मतं बसली आहेत समोर. समोर बसलेले असायचे पाहुणे! त्यात दोष दाजींच्या हाताचा कुठं?

पण हे सांगायचं म्हणजे मराठी मतांचा गठ्ठाच नाही हे सांगायचं. मग दारात गाडी थांबणार नाही, पेपरात फोटो येणार नाही, मंडळाला कुणी खुर्च्या देणार नाही. दाजी म्हणाले, ‘मग मी कोण राहीन गं?’ अक्का म्हणाली, ‘हर्षदाचे आजोबा.’ आणि आत निघून गेली.

साहेब आले तेव्हा हॉल नेहमीसारखा भरला होता. दाजी पहिल्या रांगेत कडेला, कापडाची गुंडाळी हातात. शाल झाली, नमस्कार झाला. साहेब बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, की या हॉलमधल्या मराठी बांधवांनी मनात आणलं तर या वेळी इतिहास बदलेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना काय, त्या कुठल्याही मतदारसंघात वाजतात. तेवढ्यात दाजी उठले. मला वाटलं, आता हे फेटा घेऊन स्टेजवर जाणार आणि दिलीपराव त्यांना अडवणार. दाजी जागचे हलले नाहीत. लोकांकडे तोंड करून त्यांनी विचारलं, ‘ज्यांचं मत या मतदारसंघात आहे, त्यांनी हात वर करा.’

दाजींनी आपला हात वर केला. अक्कानं केला. मी केला. मागं पाणी देणाऱ्या वॉचमननं केला, पण तो वरंगळकडचा, तेलुगू. बाकी सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मंडळाचे अध्यक्षसुद्धा चष्मा पुसत होते, ते कुकटपल्लीचे.

दाजी दिलीपरावांकडे वळले. ‘तुमचे साहेब लोक माझ्या फेट्यानं पडले नाहीत. मी त्यांना रिकाम्या हॉलसमोर बसवत आलो, म्हणून त्यांचा दिवस वाया गेला. शिव्या मला द्या, माझ्या हाताला देऊ नका.’

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि श्रीखंडाला न थांबता गेले. अध्यक्षांनी दाजींशी बोलणं टाकलं. पेपरात शालीचा फोटो आला, त्यात दाजी नव्हते. दिलीपराव आठ-दहा दिवस फिरकले नाहीत. मग त्यांचा फोन आला, की फेटेवाल्याला नको म्हणून कळवलंय, तुम्हीच बांधा. फोन हर्षवर्धननं करायला लावला होता, हे मागाहून कळलं.

लग्न नेमकं निकालाच्या दिवशी आलं. सकाळी दाजींनी हर्षवर्धनला समोर बसवून फेटा बांधला, मनासारखा बसेना म्हणून सोडला आणि पुन्हा बांधला. एवढे उमेदवार बांधले, कधी दुसऱ्यांदा बांधायला लागलं नव्हतं. मांडवात सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. अक्षतांपर्यंत कळलं, साहेब पडले. उघड्या डोक्यानं, शाल घेऊन पडले, आणि नेहमीपेक्षा जास्त मतांनी पडले. दिलीपराव थोडा वेळ खांबाला टेकून उभे राहिले, मग येऊन दाजींसमोर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, ‘बांधा आता मलाही. पडायचं ते पडून झालं.’

जेवणं उरकली, फोटो झाले. ऊन मी म्हणत होतं. पंगतीतल्या बाप्यांनी आपापले फेटे काढून खुर्च्यांवर टाकले, दिलीपरावांनी तर सगळ्यांच्या आधी. दाजी हर्षवर्धनच्या आगेमागे घुटमळत होते. दोनदा जाऊन त्यांनी विचारलं, घट्ट झाला का, काढून देऊ का. पोरगा म्हणाला, ‘राहू द्या आजोबा, बरा बसलाय.’

संध्याकाळी हर्षदाची पाठवणी झाली. गाडी निघाली तेव्हा बायका रडत होत्या, आणि दाजी सवयीनं फाटकात जाऊन गाडी वळेपर्यंत उभे राहिले. गाडी कोपऱ्यावर गेली, वळली. मागच्या काचेतून फेटा तसाच डोक्यावर दिसत होता. तेव्हा कुठं आमचे दाजी रडले.