बदली दे अन् जा

काकांचं हॉटेल तुळजापुरात मोटारस्टँडसमोर होतं. त्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. हैदराबादची इंग्रजी शाळा संपवून मी तिथं आले तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन फार दिवस झाले नव्हते. मराठीत चार वाक्यं सलग बोलायची मला धास्ती वाटायची. मी भटारखान्याच्या दाराआड उभी राहून नुसती बघायची.

हॉटेलचा एक कायदा होता. सुट्टी हवी असेल त्यानं आपल्या जागी दुसरा माणूस उभा करायचा. बदली दिली की मोकळा. एक वेटर कामाला फार चपळ. गिऱ्हाईक टेकायच्या आत पाणी ठेवायचा, आठ टेबलांच्या ऑर्डरी तोंडपाठ आत ओरडायचा. त्याच्या तोडीची बदली काकांना कधी पटायचीच नाही. कामचुकार होते ते महिन्याला गावी जाऊन यायचे. हा मात्र तिथंच.

त्या मंगळवारी तेरला त्याच्या लेकीचं बारसं होतं. तिला त्यानं अजून पाहिलंही नव्हतं.

"मालक, तामलवाडीचा गडी येतो म्हनला व्हता. आला न्हाय. मोटार लागलीया."

"मग मी काय करू? देवीचा वार हाय, लई गर्दी. तू गेलास तर गिऱ्हाइकापुढं मी नाचू का?"

तो फडकं उचलून टेबल पुसायला लागला. पुसलेलंच टेबल पुन्हा पुसत होता.

मी दाराबाहेर आले. "काका, बदली मी."

आचारी हसला. काकाही हसले. "तू? घरात भाकर मागायला लाजतीस!"

मी पदर खोचला आणि वेटरच्या हातातलं फडकं घेतलं.

"ताई, नगं. लोक काय म्हनतील?"

"तुमची मोटार जाईल. निघा."

तो धावत सुटला. मी पहिली ऑर्डर दिली, ती माझी मलाच ऐकू आली नाही.

"देवीच्या कानात सांगायलीस का?" आचारी आतून ओरडला. "भटारखान्याला सांग!"

"दोन चहा, एक सिंगल भजी!" एवढ्या मोठ्यानं मी जन्मात बोलले नव्हते. सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. आमच्या ओळखीचे एक पुजारी चहा टाकून उठले. काका लालबुंद होऊन जवळ आले.

"आत हो. घराची अब्रू घालवतीस."

"जाते. बदली द्या."

कायदा त्यांचाच होता. ते गल्ल्यावर जाऊन बसले. माझ्या हातून दोन कप फुटले, एकाला भज्यांऐवजी चिवडा गेला, पण दुपारपर्यंत मी हटले नाही.

दुसऱ्याच दिवशी काकांनी एक जादा माणूस ठेवला. दया आली म्हणून नव्हे, पोरगी पुन्हा बाहेर येऊ नये म्हणून. नात्यातल्या बायका म्हणाल्या, आता हिला कोण पत्करणार?

दाराशी उभं राहायचं मात्र मी सोडलं नाही. कुणाची सुट्टी अडली की मी फक्त पदर खोचायची. काका गल्ल्यावरूनच म्हणायचे, "जा बाबा, जा. लवकर ये."