लॅपटॉपला वाटलं, जीपीएस म्हणजे माऊस

मुकाट्यानं चालणाऱ्या मशीनचे किस्से होत नाहीत. अडून बसणाऱ्याचे मात्र इतके साठतात, की सांगायला बसलं की समोरचा चहा थंड होतो. आमच्या सर्व्हे ऑफिसात असे किस्से ढिगानं आहेत, आणि त्यातले निम्मे तरी एकट्या त्या लॅपटॉपचे!

गारखेड्यात एका मेडिकलच्या वर दोन खोल्यांचं आमचं ऑफिस. मालक देशपांडे सर. फिल्डवर आम्ही दोघं, मी आणि रशीदभाई. वर्षं दुष्काळाची, पण शहर चिकलठाण्याकडं, वाळूजकडं नुसतं पसरत चाललेलं. त्यामुळं कधी प्लॉटिंगचे नवे लेआउट मोजायचे, तर कधी गावोगाव जाऊन पाण्याचा टँकर नेमका कुठं रिकामा करायचा, ती जागा नकाशावर टिपायची.

त्यासाठी सरांनी नवाकोरा जीपीएस रिसीव्हर आणला. साबणाच्या वडीएवढा, खाली लोहचुंबक, मागं यूएसबीची वायर.

"आणि लॅपटॉप?" मी विचारलं.

"लॅपटॉप आपला आहेच की!" सर म्हणाले.

तो लॅपटॉप सरांच्या मेहुण्यानं वापरून, वैतागून, वर उपकार केल्यासारखा दिलेला होता. बॅटरी कधीच मेलेली. बिजागरी सैल, म्हणून स्क्रीनला मागून पाण्याची बाटली टेकवावी लागायची.

*

पहिल्याच दिवशी रिसीव्हरच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरची सीडी घालायची होती. ट्रे उघडेना. बटण दाबलं, थोपटलं, शेवटी रशीदभाईनं यू-पिन सरळ करून त्या बारक्या भोकात खुपसली. ट्रे बाहेर आला. आत मेहुण्याच्या लग्नाची सीडी!

सरांनी ती हातात घेतली. "तीन घरं पालथी घातली होती हिच्यासाठी," म्हणाले, आणि लगेच बायकोला फोन लावला. मग काय, दुपारपर्यंत आम्ही सगळे लग्न बघत बसलो. जीपीएस तसाच खोक्यात.

*

ड्रायव्हर टाकला एकदाचा. रिसीव्हर लावून लॅपटॉप सुरू केला, आणि स्क्रीनवरचा बाण आपोआप पळायला लागला! या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. फायली उघडतोय, बंद करतोय. बघता बघता वाळूजच्या लेआउटचं फोल्डर उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"व्हायरस! व्हायरस! वायर उपटा!" सर खुर्चीवरून उठलेच.

वायर उपटली. बाण शांत. लावली, पुन्हा थयथयाट.

दोन दिवस डोकं खाल्ल्यावर उलगडा झाला. रिसीव्हर आकाशातून आलेली माहिती आत पाठवत होता आणि लॅपटॉपला वाटत होतं, कुणीतरी माऊस हलवतंय. वर उपग्रह फिरायचे, खाली आमचा बाण नाचायचा!

रशीदभाईनं कपाळाला हात लावला. "ये मशीन अपने कू रस्ता क्या बतायेगा, यारो? इसकू चूहा और उपग्रह में फरक नै समझता!"

*

मग सुरू झाली पोर्टची भानगड. आज या भोकात वायर घातली तर लॅपटॉप त्याला म्हणायचा पोर्ट चार, उद्या शेजारच्या भोकात घातली तर पोर्ट नऊ. नकाशाचं सॉफ्टवेअर आपलं चारलाच चिकटून बसलेलं. वैतागून मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. लई वेळ गाणं ऐकवल्यावर एक मुलगी बोलली.

"सर, जीपीएसमध्ये काय प्रॉब्लेम आहे?"

"लोकेशनच दाखवत नाही, मॅडम."

"ओके सर. आधी तुमचं लोकेशन सांगता का?"

"अहो, तेच तर मशीनला विचारतोय सकाळपासून!"

तिनं फोन ठेवला.

*

चिकलठाण्याकडच्या एका नव्या लेआउटवर गेलो. रिसीव्हरला उघडं आकाश पाहिजे, लॅपटॉपला लाइट पाहिजे. जवळपास एकच पानटपरी. तिथून एक्स्टेंशन वायर घेतली, तिला दुसरी जोडली, तिला तिसरी. रशीदभाई लॅपटॉप छातीशी धरून पुढं, मी वायर सोडवत मागं. वायर संपली तिथं आम्ही थांबलो. पुढं अजून माळभर प्लॉट पडलेले.

तेवढ्यात सरांचा फोन. "लेआउट कुठवर आलाय रे?"

रशीदभाई म्हणाला, "सर, जिथपर्यंत वायर आलीय, तिथपर्यंत!"

*

सगळ्या गावांचे ठिपके गोळा झाले तेव्हा सर खुशीत होते. सरकारी बैठकीत मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरलं. साहेब लोक बसलेले, एसी चाललेला. सरांनी ऐटीत बटण दाबलं.

नकाशावर आपला जिल्हा रिकामा. सरांनी नकाशा लहान केला, अजून लहान केला. शेवटी ठिपके सापडले. पार युरोपच्या डोक्यावर, उत्तर ध्रुवाच्या वाटेवर, समुद्रात! सॉफ्टवेअरनं अक्षांशाच्या जागी रेखांश घेतला होता आणि रेखांशाच्या जागी अक्षांश.

मुख्य साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"देशपांडे, या गावांना टँकर कशाला? चारी बाजूंनी पाणीच आहे की!"

मागून रशीदभाई हळूच म्हणाला, "और बरफ भी, साहब."

*

पण एका वस्तीवरचं प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

अक्षांश-रेखांश जागेवर आणले, तरी तिथला ठिपका आमच्या मशीननं नाल्यापलीकडच्या दगडाच्या खदानीत टाकला होता. टँकरवरही जीपीएस बसवलेलं. ठरल्या जागेबाहेर पाणी सोडलं तर सरकारी खातं ड्रायव्हरची फेरी धरायचं नाही. त्यामुळं टँकर खदानीत जाऊन उभा राहायचा, हॉर्न वाजवायचा आणि भरलेलाच परत जायचा. इकडं बाया पारापाशी घागरी घेऊन उन्हात बसलेल्या. मध्ये नाला, त्यावर ना पूल ना रस्ता.

तक्रार आली तसे आम्ही जीप घेऊन पोचलो. पाराजवळच्या घरातून वायर ओढून बोनेटवर लॅपटॉप उघडला. सगळ्या बाया भोवती जमल्या. मशीननं बराच वेळ घेतला आणि ठिपका दाखवला.

खदानीत!

मी सरांना फोन लावला. "सर, आम्ही वस्तीच्या पारावर उभे आहोत."

"स्क्रीनवर कुठं दिसताय?"

"खदानीत."

"मग नीट बघा. खदानीतच असाल!"

रशीदभाईनं फोन ओढून घेतला. "सर, मैं लिंब के झाड के नीचे खडा हूँ! सावली पड रही मेरे पे!"

"पण मशीन काय म्हणतंय?"

इतका वेळ गयाबाई नावाची एक म्हातारी रिकाम्या घागरीवर हात ठेवून ऐकत होती. ती उठली. रशीदभाईच्या हातातून तिनं फोन घेतला.

"साहेब, बाया जिथं घागरी घेऊन उभ्या हाईत ना, तिथं गाव हाय. खदानीत कुनी बी ऱ्हात नाय. तुमच्या त्या मशीनला म्हनावं, तूच सरक."

सर म्हणाले, "रशीदला दे." आणि रशीदभाईला म्हणाले, "ठिपका हातानं सरकव."

रशीदभाईनं बाण नेऊन ठिपका पकडला, नाल्यावरून अलगद अलीकडं ओढला आणि पारावर सोडला. गयाबाई स्क्रीनला नाक लावून बघत होती.

"सरकला का?"

"सरकला, मावशी."

"व्हय? मग आता पानी सरकवा!"