परत आलेल्या मालाची ओळ

गोदामातल्या चार हजार सुट्या भागांची नावं बेअरिंगदादांनी एका सकाळी वर्णानुक्रमे लावून टाकली. फक्त नावं. शेजारच्या रकान्यांतले रॅकनंबर आणि नग जागच्या जागीच राहिले. कॉम्प्युटरने बिचाऱ्याने चौकट काढून विचारलंही होतं, शेजारचे रकाने बरोबर घेऊ का म्हणून. दादांना वाटलं, उगाच शेजाऱ्यांना कशाला त्रास! त्यांनी 'नको' दाबलं, वर फाइल सेव्ह केली आणि स्वतःवर खूश होऊन चहा प्यायले. दोन दिवसांत पंप दुरुस्त करणाऱ्यांकडे बेअरिंगऐवजी वॉशर पोचले, व्हॉल्व्हऐवजी रबरी नळ्या. एकोणीस खोकी परत आली.

"दोन महिने देतो," साहेब म्हणाले. "शीट नीट शिका. नाहीतर गेटवर बसा, पास फाडत."

दादा सव्वीस वर्षं त्या गोदामात होते. अंधारात हात घालून हवा तो बेअरिंग काढून द्यायचे, म्हणून तर हे नाव पडलं. आता त्याच माणसाने गेटवर बसून लोकांच्या पिशव्या तपासायच्या? त्यांनी धसका घेतला आणि आठवडाभरात मिळेल ते गोळा केलं. वाचनालयातलं उशीसारखं जाड पुस्तक, तीन फुकट कोर्स, 'पाच मिनिटांत पन्नास सूत्रं' छापाचे अठ्ठावीस व्हिडिओ. एक ना धड, भाराभर चिंध्या. शेवटी मान खाली घालून ते मागच्या गोदामात, धाकट्या बहिणीकडे गेले.

मागच्या गोदामात परत आलेला माल यायचा. तो उघडायचा, तपासायचा, नोंदवायचा, हे सगळं धाकटी एकटी करायची. नवरा गेल्यापासून दोन मुलींचं शिक्षण त्याच नोकरीवर चाललं होतं. शीट ती आपली आपणच शिकली होती, तीन वर्षं, इस्त्रीच्या टेबलावर. तिची शीट आजवर कुणी मागितली नव्हती.

"हे सगळे व्हिडिओ बघून झाले?" तिने विचारलं.

"झाले की."

"आणि करून?"

"करायचं काय त्यात? तो मनुष्य करतोच आहे."

"मग पगारही त्यालाच मिळू दे."

दादा हसले नाहीत. तेव्हा तिने एका खोक्याचं झाकण फाडलं आणि त्याच्या आतल्या बाजूला लिहायला घेतलं. व्हिडिओ एकाच मास्तरांचे बघायचे, जे सावकाश बोलतात त्यांचे. रोज एक धडा, शेजारी शीट उघडी ठेवून, थांबवत थांबवत. जाड पुस्तकातली पहिली पाच प्रकरणं, मग एकदम सारांश-तक्त्याचं प्रकरण; मधलं सगळं अडलं तर बघायचं. त्या मास्तरांच्या सरावाच्या फाइली उतरवून घ्यायच्या आणि मुद्दाम बिघडवायच्या.

"बिघडवायचं मला शिकवू नकोस," दादा म्हणाले.

"नाही, त्यात तू पदवीधर आहेस. पण बिघडलेलं ओळखायला शिक. आणि सगळ्यात चांगलं पुस्तक तुझ्या गोदामातच आहे. तुझी स्वतःची घाणेरडी यादी घे आणि ती साफ कर."

मग रोज जेवणाच्या सुट्टीत शिकवणी. एका ओळीत एकच वस्तू. एका रकान्यात एकाच जातीची माहिती. शीटमधली दोन घरं जोडून नटवायचं नाही. "कुणी बेरिंग लिहितं, कुणी बेअरिंग. नावावर भरवसा नाही. पार्टनंबर बदलत नाही, म्हणून याद्या जोडायच्या त्या त्याच्यावर." आणि हे तर ती दर दोन दिवसांनी सांगायची: "आवडली नाही म्हणून ओळ पुसायची नाही."

सहाव्या आठवड्यात दादांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भागांची एक यादी, रॅकची दुसरी, रोजच्या ये-जा करणाऱ्या मालाची तिसरी, आणि तिन्ही एकमेकींना जोडलेल्या. इतकं धाकटीनेही कधी केलं नव्हतं. साहेब खुर्चीतून उठून बघायला आले.

"वा! आता मागचं गोदामही जोडा. शुक्रवारी वरच्या लोकांना दाखवू."

धाकटीने तिची फाइल हसत हसत दिली. स्वच्छ होती, एक घर रिकामं नाही. "सांभाळ हं, पहिल्यांदाच बाहेर निघाली आहे."

गुरुवारी दुपारी दादांनी ती जोडली आणि सारांश काढला. रोज परत येणारी खोकी अकरा. त्यांतली नऊ निर्दोष, पुढच्या रॅकवर सरळ ठेवण्याजोगी. म्हणजे एक आख्खं गोदाम आणि एक माणूस रोज दोन खोक्यांसाठी. दादांनी तीनदा बेरीज तपासली. मग ते मागे गेले आणि नुसता कागद पुढे धरला.

धाकटीने बोट फिरवत वाचलं. एका ओळीवर बोट थांबलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"मी ही ओळ लपवतो."

"लपवलेली ओळ कुणीतरी उघडतंच, दादा. आणि मग तू गेटवर."

"गेलो तर गेलो."

"आणि मग पुढचा माणूस हेच काढेल. तुझ्यापेक्षा वाईट मांडून." तिने कागद परत दिला. "'सरासरी' चुकीचं लिहिलंयस. तेवढं सुधार."

दादांनी सुधारलं. शुक्रवारी टाळ्या वाजल्या. पुढच्या महिन्यात मागच्या गोदामाला कुलूप लागलं. दादांना काचेची केबिन मिळाली, आणि लोक चेष्टेने त्यांना सारणीसाहेब म्हणू लागले. ती सारणी कुणी शिकवली हे चेष्टा करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे दादांना रागावताही येईना.

चार महिने घरी बसल्यावर धाकटीला एका शाळेच्या कचेरीत काम लागलं, हजेऱ्या भरायचं. दोन बस बदलून जावं लागतं, आणि धाकट्या मुलीचा क्लास बंद झाला. ती दादांशी बोलते, पूर्वीसारखीच, फक्त चेष्टा करत नाही.

एका मंगळवारी तिचा निरोप आला. "तीन याद्या जोडून सारांश कसा काढलास, ते मला कधी जमलं नाही. सरावाची फाइल करून पाठव ना. आकडे खोटे चालतील."

दादांनी लगेच कळवलं, उद्या देतो.

फाइल तयार आहे. खोटे पार्टनंबर, खोटे रॅक, पुढच्या गोदामाची तीनशे खोटी खोकी. परत आलेल्या मालाच्या ओळीत मात्र काय घालावं ते सुचत नाही. लहान आकडा घातला की तेच गोदाम पुन्हा बंद पडतं. मोठा घातला तर ती ओळखेल, दादाने समजूत काढली म्हणून. चाळीस लिहून त्यांनी पुसलं, मग शंभर लिहून पुसलं.

काल तिने लिहिलं, "घाई नाही रे." आज तिसरा मंगळवार. ते घर अजून रिकामंच आहे, आणि फाइल जायची राहिली आहे.