वाक्संयमाचा उत्तरार्ध

म्हैसूरजवळच्या मेटगळ्ळीच्या कारखान्यात बिंदुमाधव आढाव यांना काही विचारले, की प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये बराच अवकाश जात असे. नव्याने लागलेल्या कामगाराला वाटे, या गृहस्थांना कमी ऐकू येते. तो प्रश्न पुन्हा मोठ्याने विचारी. मग बिंदुमाधव मंदपणे मान हलवीत आणि दोन वाक्यांत उत्तर देत. आपल्या ख्रिस्ती मंडळीचे ते पंच होते. रविवारच्या कन्नड उपासनेत प्रार्थना सांगण्याची पाळी त्यांची असली, की लोक सुखावत; कारण ती प्रार्थना आटोपशीर असे आणि तिच्यात देवाला उद्देशून कोणा शेजाऱ्याला मारलेला टोमणा नसे. वाक्संयमाचा आदर्श म्हणून पाळकसाहेब त्यांच्याकडे बोट दाखवीत. हा संयम उपजत नव्हता, हे मंडळीतल्या तरुणांना ठाऊक नव्हते. तो अर्धवट होता, हे तर खुद्द बिंदुमाधवांनाही फार उशिरा कळले.

त्यांचे आजोबा नगर जिल्ह्यातून मिशनच्या शाळेवर शिक्षक म्हणून म्हैसूरला आले आणि इथलेच होऊन गेले. उपासना कन्नडात, पण घरची सायंप्रार्थना मराठीतच, असा त्या घराचा परिपाठ तीन पिढ्या टिकला. वाणी हे ईश्वराचे देणे आहे, ते त्याच्याच गौरवासाठी वापरावे, हे बिंदुमाधवांनी बालपणी इतक्या वेळा ऐकले, की त्याचा अर्थ मनाला लागेनासा झाला. देणे मात्र भरघोस मिळाले होते. एकोणीसशे त्रेसष्ट साली ते कारखान्यात लागले तेव्हा दुपारच्या डब्याला त्यांच्याभोवती माणसे गोळा होत. मागेपुढे चार जण घेतल्यावाचून न हिंडणाऱ्या मुकादमाला त्यांनी 'पालखी' म्हटले. बोलण्याआधी तीनदा खाकरणाऱ्या कारकुनाला 'मंगलाष्टक'. ही नावे मराठीत जन्मत आणि आठवड्याभरात कन्नड बोलणाऱ्यांच्याही तोंडी रुळत. आपण शिवी देत नाही, खोटे बोलत नाही; तेव्हा यात पाप कोणते, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटे.

डब्याला बसणाऱ्यांत दोघे त्यांच्या विशेष जवळचे. एक गुरुराज, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेल्या ब्राह्मण घराण्यातले, स्वभावाने भिडस्त. दुसरे खंडोजीराव. त्यांचे पणजोबा राजाच्या घोडदळात सुभेदार होते. घराण्याची ती पगडी खंडोजीराव दर विजयादशमीला डोक्यावर चढवून मिरवणूक पाहायला निघत आणि वर्षाचे उरलेले दिवस निमूटपणे भट्टीपाशी काम करीत.

सदुसष्ट सालच्या मार्चमध्ये, तापवलेले लोखंडी भाग ज्या तेलाच्या हौदात बुडवून निववीत, त्या हौदातून एकाएकी भडका उडाला. ज्वाळा छपरापर्यंत गेली. विभागात बारा माणसे होती, बाराही पळाली. हौदाच्या सर्वांत जवळ होते ते खंडोजीराव, म्हणून पहिले धावले तेही खंडोजीराव. दार अरुंद होते. तिथे चेंगराचेंगरी झाली, गुरुराज पडले, त्यांचे कोपर फुटले. पहारेकऱ्यांनी वाळूच्या बादल्या ओतून पाऊण घटकेत आग विझवली.

दुपारी डबे उघडले, पण कोणी कोणाकडे पाहीना. बारा धडधाकट माणसांची लाज एका जाजमावर येऊन बसली होती. ती शांतता बिंदुमाधवांना सोसवेना. ते गंभीर मुद्रेने म्हणाले, "त्यात आपला काय दोष? सुभेदारसाहेबांनी माघारीचा हुकूम दिला, आपण पाळला."

सगळे हसले. हसता हसता प्रत्येकाच्या खांद्यावरचा भार उतरला आणि तो सगळा एकाच माणसाच्या माथ्यावर जाऊन बसला. खंडोजीरावही हसले, न हसून सांगतात कोणाला? त्या दिवसापासून ते 'पळपुटे सुभेदार' झाले. कन्नड मंडळींनी त्याचे 'ओडो सुबेदार' केले. कामावर असो, सायकलींच्या रांगेत असो, हे नाव त्यांच्या आधी पोहोचू लागले.

नऊ वर्षे अशीच गेली. शहात्तर साली, एका शनिवारी, बिंदुमाधव आपल्या सात वर्षांच्या मुलीला, तुंगाला घेऊन देवराज मार्केटात गेले होते. केळीच्या दुकानापाशी खंडोजीराव उभे दिसले. तुंगाने त्यांना ओळखले. घरातल्या गप्पांत तिने हे नाव शंभरदा ऐकले होते आणि त्यात मानाचे काही असणार अशी तिची समजूत होती. ती आदराने हात जोडून म्हणाली, "नमस्कार, पळपुटे सुभेदारकाका."

दुकानदार हसला. खंडोजीरावांनी एक केळे सोलून तिच्या हातात दिले आणि तिचा अभ्यास कसा चालला आहे ते विचारले. बिंदुमाधवांकडे त्यांनी पाहिले नाही. त्या संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत बिंदुमाधवांच्या तोंडून शब्द फुटेना. ज्या मुखाने देवाला आळवायचे त्याच मुखातून बाहेर पडलेली वस्तू आपल्या लेकरानेही उचललेली त्यांनी पाहिली होती.

त्यांनी मनोमन नियम केला, की माणसावर विनोद करायचा नाही, आणि तोंड उघडण्याआधी मनात एकदा प्रभूचे नाव घ्यायचे. नियम कठीण गेला. पहिले वर्षभर तर जिभेच्या टोकाशी आलेली वाक्ये गिळताना ते अक्षरशः खोकत. पण पाळला. डब्याची मैफल मोडली. मंडळीत मान वाढला, पंचपद आले. प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री ते आत्मपरीक्षण करीत आणि गेल्या महिन्यात आपण कोणाला दुखावले का, असे स्वतःला विचारीत. उत्तर 'नाही' असे येई. ते खरेही असे. गेल्या महिन्यात त्यांनी कोणालाच दुखावलेले नसे.

एक्क्याऐंशीच्या जूनमध्ये कारखान्यात सूचना लागली. आग विझवण्यासाठी कामगारांचेच एक पथक उभारायचे होते. त्याच्या प्रमुखाला बेंगळूरला शिक्षणासाठी पाठवणार होते. इच्छुकांनी नावे द्यावीत. खंडोजीरावांनी नाव दिले. आगीनंतर दर तीन महिन्यांनी होणारा सराव त्यांनी चौदा वर्षांत एकदाही चुकवला नव्हता, ही गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात नव्हती. फलकावरचे नाव वाचून कामगार हसून लोळायचे बाकी राहिले. आग लागल्यावर पथकाला दाराची वाट दाखवायला उत्तम माणूस, असे कोणी म्हटले. दुसऱ्याने फलकावर खडूने धावता घोडा काढला. निवड सोमवारी व्हायची होती. व्यवस्थापक हयग्रीव विभागातल्या जुन्या लोकांचे मत सर्वांसमक्ष घेणार होते.

त्या दिवशी घरी आल्यावर बिंदुमाधवांनी पत्नीला सारे सांगितले आणि आपण हसलो नाही, एक अक्षरही बोललो नाही, हेही सांगितले. वेदवतीबाई उपदेशकाच्या कन्या, बोलणे नेमके. तांदूळ निवडता निवडता त्या आपल्या कन्नड वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "गप्प बसणं आता सोपं झालंय रि तुम्हाला. लोक वाहवा करतात."

"मग काय करू?"

"ते मला काय विचारता? तुम्ही गप्प बसलात म्हणून त्यांचं नाव पुसलं गेलं का?"

आपण पाच वर्षे जिभेला आवरले ते आपल्या शुद्धीसाठी. खंडोजीरावांच्या वाट्याला त्यातले काय आले? पूर्वी ते हसवून दुखवीत होते. आज त्याच दुखवण्याकडे ते मूकपणे पाहत होते आणि त्या मौनाला पुण्य म्हणत होते.

रविवारी प्रभुभोजन होते. भावाच्या मनात आपल्याविषयी सल असेल तर आधी त्याच्याकडे जावे, मग अर्पण घेऊन यावे, ही शिकवण त्यांना मुखोद्गत होती. पण भाऊ म्हणजे मंडळीतला, अशी सोयीची व्याख्या त्यांनी इतकी वर्षे मनाशी धरली होती. त्या दिवशी भाकर आणि प्याला घेण्यासाठी लोक उठले, तेव्हा पंच बिंदुमाधव बाकावर बसून राहिले. वेदवतीबाई त्यांच्यासमोरून पुढे गेल्या, परत आल्या आणि शेजारी बसल्या. उपासना संपताच ते सायकलीवरून थेट नजरबादच्या गल्लीत गेले.

खंडोजीराव ओसरीवर दाढी करीत होते. बिंदुमाधवांनी उभ्यानेच सांगितले, की ते नाव मी दिले, ते अन्यायाचे होते, मला क्षमा करा. खंडोजीरावांनी वस्तरा पुसून शांतपणे डबीत ठेवला.

"बसा हो," ते म्हणाले. "तुम्ही आलात, बरं केलं. पण बिंदुमाधव, क्षमा घरात मागताय. नाव बाजारात दिलंत."

बिंदुमाधव खाली मान घालून बसले.

"दसऱ्याला मी पगडी घालून निघायचो. गल्लीतली पोरं मागनं घोड्यासारखी टापा वाजवत यायला लागली. घालायचं सोडलं. घरात विचारलं, का सोडलंत, काय सांगू? मी पळालो, ते खरंच की. कोण नाही पळालं, तेवढं मला कधी समजलं नाही."

हे ते रागाने बोलले नाहीत. राग असता तर बिंदुमाधवांना हलके वाटले असते. परतताना त्यांना एक गोष्ट लख्ख आठवत होती. चौदा वर्षांत ती त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. प्रार्थनेतही तिच्या कडेकडेनेच ते गेले होते. कारण ती सांगितली तर एक जुना मित्र हातचा जाणार होता.

सोमवारी हयग्रीवांनी विभागातल्या साऱ्यांना भट्टीपाशी बोलावले. खंडोजीरावांचे नाव वाचताच मागून कोणीतरी दबक्या आवाजात टापा वाजवल्या. हयग्रीव कडक, पण न्यायी गृहस्थ. त्यांनी विचारले, हा काय प्रकार आहे, आणि या माणसाच्या धैर्याविषयी कोणाला शंका असेल तर तोंडावर बोलावे. मग सर्वांत विश्वासाचा माणूस म्हणून ते बिंदुमाधवांकडे वळले. नेहमीचा अवकाश गेला. त्या दिवशी तो जास्तच लांबला.

"साहेब," बिंदुमाधव म्हणाले, "सदुसष्ट साली आग लागली तेव्हा आम्ही बाराही जण पळालो. खंडोजीराव पहिले, कारण ते हौदाजवळ होते. दुसरा मी. माझी लाज झाकावी म्हणून मी त्यांना नाव दिलं. तुम्ही सगळे जे नाव घेता, ते मी दिलेलं."

एकदोघे अजून हसत होते. त्यांना यात नवा विनोद येणार असे वाटले असावे. बिंदुमाधव थांबले नाहीत.

"आणि दारात गुरुराज पडले, ते गर्दीनं नाही. मी त्यांना बाजूला ढकललं आणि बाहेर पडलो. खंडोजीरावांनी कोणाला ढकललं नव्हतं. त्यांनीच मागे फिरून गुरुराजांना हाताला धरून ओढलं. ते मी बाहेरून पाहिलं, आणि दुपारी जेवायला बसून त्यांच्यावर विनोद केला."

टापा वाजवणारा मागे सरला. गुरुराजांनी नकळत आपले उजवे कोपर डाव्या हातात धरले. ते कोपर तेव्हापासून पुरते सरळ होत नसे. तोंडातले पान थुंकायला जावे तसे ते बाहेर निघून गेले आणि सभा संपेपर्यंत परत आले नाहीत. हयग्रीवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि खंडोजीरावांना विचारले, की हे तुम्ही इतकी वर्षे का सांगितले नाही. खंडोजीराव म्हणाले, मी सांगितलं असतं तर ती फुशारकी झाली असती, साहेब. हयग्रीवांनी कागदावर सही केली.

कामाची सुट्टी झाली तेव्हा खंडोजीराव फाटकापाशी थांबले होते. काही जण येऊन त्यांचे अभिनंदन करीत होते. कोणी 'खंडोजीराव' म्हणत होते, कोणी सवयीने चुकून 'सुभेदार' म्हणून ओशाळत होते. बिंदुमाधव जवळ गेले. आता क्षमेचा शब्द ऐकायला मिळेल, ही आशा त्यांच्या मनात नव्हती असे म्हणणे खोटे ठरेल. खंडोजीरावांनी त्यांच्या सायकलीच्या दांडीवर हात ठेवला.

"गुरुराजांकडे गेलात?" त्यांनी विचारले.

"नाही अजून."

"मग इथं काय करताय? जा की हो."

गुरुराजांनी बोगादीला नवे घर बांधले होते. रस्ता कच्चा, चढाचा. बिंदुमाधव अर्धी वाट सायकल हाताने ढकलीत गेले आणि वाटभर वाक्ये जुळवीत, मोडीत राहिले. जी वाणी एके काळी कोणत्याही क्षणी हजर असे, तिने त्यांना त्या चढावर एकही धड शब्द दिला नाही. ते पोहोचले तेव्हा गुरुराज अंगणातल्या दगडी बाकावर एकटेच बसले होते. त्यांचे डोळे तांबारलेले होते. बिंदुमाधवांनी हात जोडले आणि तोंड उघडले.

"नको," गुरुराज म्हणाले. "ज्यांनी मला ओढून काढलं त्यांच्यावरच्या तुमच्या विनोदाला चौदा वर्षं मी सगळ्यांत मोठ्यानं हसत आलो. आज काही बोलू नका. सुम्ने, गप्प बसायचं असेल तर बसा."

बाकावर ते थोडेसे सरकले. बिंदुमाधवांनी सायकल भिंतीला लावली आणि त्या रिकाम्या जागेवर ते बसले.