भाईसाबांच्या वजनाची गाडी

आधी गाडी कोणाची ते सांगते, कारण सगळं भांडण तिथूनच सुरू होतं. गाडी माझी. दोन दारांची, दोन सीटची, लाल स्पोर्ट्स कार. कागदावर नाव माझं, कमाई माझी आणि क्लचवर पाय माझा. मी भूलतज्ज्ञ आहे. दिवसभर ऑपरेशन थिएटरात लोकांना झोपवते आणि सुट्टीच्या सकाळी, आपण स्वतः जागे आहोत एवढं पटवून घ्यायला, शिवपुरी रस्त्याला गाडी काढते. नवऱ्याला ही गाडी चालवता येत नाही. त्याचं इंदरगंजात वकिलीचं ऑफिस आहे, तिथे तो बिनक्लचची गाडी नेतो आणि बाड्यावरच्या बाजारात गर्दी असली की तीही ड्रायव्हरच्या हवाली करतो. त्यात कमीपणा काहीच नाही. मलाही पुरणपोळी येत नाही.

पण लष्कर भागातल्या आमच्या घराच्या दारात ती लाल गाडी उभी राहिली आणि अभिनंदन झालं नवऱ्याचं. मंडळाच्या गणपतीत जो भेटेल तो त्याच्या पाठीवर थाप मारायचा. "काय वकीलसाहेब, या वयात हे शौक!" आणि हा हसायचा. 'माझी नाही, हिची' एवढं म्हणायला त्याच्या बापाचं काय जात होतं देव जाणे. मी बाजूला प्रसादाची वाटी धरून उभी असायचे. तेव्हा मी ते सोडून दिलं.

सस्पेन्शनचं खूळ माझंच. आपल्याकडचे खड्डे बघून कंपनी ही गाडी उंच आणि मऊ करून विकते. गावात ठीक असतं, पण मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की ती तरंगायला लागते आणि ब्रेक मारला की नाक खाली घालते. म्हणून मी बाहेरून दुसरा संच मागवला. त्यात चारही चाकांच्या स्प्रिंगा आणि शॉकर वेगवेगळे कसता येतात, उंची वेगळी ठेवता येते. कितीतरी महिने मी त्याबद्दल वाचत होते. नवरा म्हणायचा, "या उमरमध्ये लोक गीता वाचतात."

झाशी रस्त्यावर एक गॅरेजवाला आहे, दिल्लीत अशा गाड्यांवर काम करून आलेला. त्याच्याकडे चाकांखाली ठेवायचे चार वजनकाटे आहेत. नवीन सस्पेन्शन बसवलं की गाडी त्या काट्यांवर चढवतात, चालकाच्या सीटवर चालकाला बसवतात आणि एकेक स्प्रिंग वरखाली करत चारही चाकांवरचा भार जुळवतात. चालकाचं वजन चुकलं की पुढचं सगळंच चुकतं.

गॅरेजचा माणूस गाडी न्यायला यायचा होता, नेमकी त्याच दिवशी मला हॉस्पिटलातून तातडीची हाक आली. नवरा म्हणाला, "तू जा, कोर्टाला सुट्टी आहे, मी बघून घेतो." मला किती बरं वाटलं होतं! दारात चपला घालता घालता मी त्याला बजावलं, "काट्यावर चढवायच्या आधी मला फोन करा. मला येता नाही आलं, तर माझ्या वजनाइतकी गव्हाची पोती सीटवर ठेवायला सांगा. विसरू नका."

"अगं हो, समजलं. किती बार बोलशील?"

फोन आला नाही. संध्याकाळी गाडी आली, गॅरेजचा माणूस सोडून गेला. "झालं ना नीट?" विचारलं, तर म्हणाला, "एकदम."

त्यानंतरच्याच रविवारी शिवपुरी रस्त्यावर एक ट्रॅक्टर न बघता आडवा आला. मी ब्रेक दाबला आणि गाडीचं नाक डावीकडे गेलं. मी स्टिअरिंग सरळ धरलं होतं, तरी गेलं. डावीकडे कडेला एक दूधवाला मोटरसायकल लावून कॅनची दोरी आवळत होता. गाडी थांबली तेव्हा त्याच्यात आणि माझ्यात एका माणसाला उभं राहायलाही जागा नव्हती. तो मला आईबहिणीवरून शिव्या घालत होता आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

मी तशीच झाशी रस्त्याला गॅरेजवर गेले. गॅरेजवाल्याने सगळं ऐकलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "मैडम, सेटिंग तो परफेक्ट है. भाईसाब को खुद सीट पे बिठा के किया है."

"भाईसाब को? क्यों?"

"चलाते तो वही हैं ना. मैंने पूछा था, गाड़ी कौन चलाता है. बोले, मैं." मग माझा चेहरा बघून त्याने वर जोडलं, "आप आदत डालिए मैडम, स्पोर्ट्स कार थोड़ी भारी पड़ती है लेडीज़ को."

माझ्या नवऱ्याचं वजन माझ्या जवळजवळ दुप्पट आहे. तो त्या सीटवर बसला म्हणून उजवी बाजू त्याच्या भाराने जुळवली गेली. तिथे मी बसले की भार डावीकडे झुकणार आणि जोरात ब्रेक मारला की गाडी डावीकडेच ओढणार. मी आयुष्यभर माणसाचं वजन विचारल्याशिवाय सिरिंजला हात लावलेला नाही. एकाच्या वजनाचा डोस दुसऱ्याला दिला तर काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको. हे सगळं मी नवऱ्याला आधी समजावून सांगितलं होतं. त्याने मला फोन केला नाही, पोती मागितली नाहीत, आपण स्वतः चढून बसला. गव्हाचं पोतं त्याच्यापेक्षा परवडलं असतं. पोत्याने निदान 'मैं' म्हटलं नसतं.

घरी आले तेव्हा तो पोहे खात होता. मी उभ्याउभ्याच विचारलं, "गाडी कोण चालवतं म्हणून त्याने विचारलं, तेव्हा तुम्ही काय सांगितलं?"

आधी त्याला काही आठवेना. मग आठवलं. "अगं, तिथे चार लोक उभे होते. सगळे भाईसाब भाईसाब करत होते. एकदम तोंडातून निघून गेलं."

"आणि मग बसलात."

"मग काय बोलणार? आता इतक्या छोट्या गोष्टीवर तू एवढी नाराज?"

मी त्याला दूधवाल्याचं सांगितलं. त्याचा चमचा थांबला. आणि मग तो जे बोलला त्याने माझ्या डोक्यात तिडीक गेली. तो म्हणाला, "म्हणून तर मी नेहमी सांगतो, ही गाडी तुझ्यासाठी नाही."

मी ओरडले. शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या जोरात ओरडले. म्हटलं, चार अनोळखी माणसांसमोर एक मिनिट मर्द दिसावं म्हणून तुम्ही माझा जीव पणाला लावला, आणि वर मलाच सांगता गाडी माझ्यासाठी नाही? त्याने दोन्ही हात वर केले, कोर्टात करतो तसे, आणि म्हणाला, "चल, आत्ता जाऊन ठीक करून घेऊ." चूक झाली, असं मात्र म्हणाला नाही.

गेलो. मी चालवत होते, तो शेजारी बसला होता. गॅरेजवाल्याने गाडी काट्यांवर घेतली आणि सवयीने त्याच्यासाठी उजवं दार उघडून धरलं. "आइए भाईसाब."

हा काय करतो ते मला बघायचं होतं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "नहीं, वो... गाड़ी इनकी है. यही चलाती हैं."

गॅरेजवाला हसला. "अरे भाईसाब, घर की बात है, आपकी क्या, इनकी क्या!" आणि माझा नवरा सुटल्यासारखा त्याच्याबरोबर हसला. त्या हसण्याचा मला जेवढा संताप आला, तेवढा त्या खोट्याचाही आला नव्हता.

मी जाऊन माझ्या सीटवर बसले आणि दार लावून घेतलं. गॅरेजवाल्याने काट्यांचे आकडे बघितले. त्याचं हसू गेलं. खिडकीशी वाकून त्याने विचारलं, "मैडम, एक बात बताइए. बगल की सीट पे भाईसाब को भी बिठा के सेट करें, या सिर्फ आपका?"

नवरा तोवर डाव्या दारापाशी येऊन उभा राहिला होता. दाराच्या कडीला त्याने हात घातला होता.

"अकेले का," मी म्हणाले.

त्याने कडी सोडली आणि तो घरी जायला सवारीचा टेम्पो बघायला रस्त्याकडे गेला.