कुणाचा मण?

चंपे, कऱ्हाडच्या स्टेशनावर आपण दोघी बहिणी गळ्यात गळा घालून रडत होतो, तेव्हा हमालाने आमची लाकडी पेटी उचलली आणि तशीच खाली टेकवली, आठवतं का तुला? "बाई, हत्तीचं पिल्लू भरलंय का यात?" असं तो म्हणाला आणि रडता रडता आपल्याला हसू फुटलं. हत्ती कुठला, मामंजींची, म्हणजे ह्यांच्या आबांची, वजनं होती ती. शेर, पासरी, अर्धा मण, सगळं लोखंड. मामंजींनी जन्मभर बैलगाड्या बांधल्या त्या ह्याच वजनांवर, आणि मुलगा म्हैसूरला निघाला तेव्हा शिदोरीसारखी तीच बांधून दिली. गाडी हलल्यावरसुद्धा ते फलाटावरून बजावत होते, "परक्या मापाने मोजू नका रे, फसाल." मला त्या वेळी पेटीचा रागच आला होता, कारण तिच्यापायी माझं पितळेचं घंगाळ मागे राहिलं.

एक गोष्ट मी तुला तेव्हा कळवली नाही, तुला वाईट वाटलं असतं म्हणून. बंगळूरला गाडी बदलून आम्ही म्हैसुरात उतरलो आणि आठ दिवसांत मला हे गाव आवडून गेलं. रस्त्यावर विजेचे दिवे काय, गल्लीत नळाला पाणी काय, आणि देवराज मोहल्ल्यात आमच्या खोलीसमोर शिंप्यांची यंत्रं दिवसभर खडखडत असायची. मी तर पहिले काही दिवस उंबऱ्यातच उभी असायची. आमचे हे ज्या कारखान्यात लागले तिथे घोड्याचे जटके, म्हणजे आपले टांगे, बांधायचे आणि मोटारींवर लाकडी सांगाडे चढवायचे. जागा कच्ची होती, सहा महिने बघू म्हणाले होते. म्हणजे जमलं तर म्हैसूर, नाही तर परत कऱ्हाड. मला परत जायचं नव्हतं गं, आज सांगून टाकते.

शेजारी सुंदराक्का. तिचे पणजोबा फौजेतून इकडे आले आणि इकडचेच झाले. नवरा रामोजीराव एका डॉक्टरांची मोटार चालवायचा. अक्काची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मी पदर तोंडाला लावून हसले. "बन्नी, आत ये की, ऊट झालं का तुझं?" ऊट म्हणजे जेवण, हे मला मागाहून कळलं. उंटाचं काय विचारतेय ही, म्हणून मी मान डोलावली आणि त्या दिवशी उपाशी राहिले.

मग गुळाचं प्रकरण झालं. वर्षाचा गूळ एकदम भरायची आपली पद्धत. बाजारात जाऊन मी ऐटीत सांगितलं, एक मण द्या, आणि हमालही बोलावून ठेवला. दुकानदाराने समोर ठेवली एक पिशवी, आत गुळाच्या साच्यातल्या वड्या, ढेप नाहीच. ती मी एका हाताने उचलली. उचलली मात्र, माझं डोकं फिरलं. भर बाजारात त्याला जे काही बोलले ते इथे लिहीत नाही, माझी पत्रं तू आळीत वाचून दाखवतेस. नशीब, त्याला मराठी येत नव्हतं. सुंदराक्काने मला दंडाला धरून बाजूला नेलं. "फसवला नाही गं त्याने. नोडम्मा, बघ, तुमचा शेर ऐंशी तोळ्यांचा, आमचा चोवीस. हा कच्चा मण, तुमचा पक्का. दहा आमचे म्हणजे तीन तुमचे, अल्वा?" अल्वा म्हणजे 'नाही का'. मी मान खाली घालून पिशवी कडेवर घेतली आणि घरी आले. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "गूळ संपला की परत आण, त्यात काय." ऐकलं आणि सोडून दिलं.

त्याच सुमारास रामोजीरावाच्या डॉक्टरांनी कारखान्यात एक नवीन काम आणलं. त्यांना खेडोपाडी जाऊन डोळ्यांचे रोगी तपासायचे होते, दर ठिकाणी तंबू ठोकायचा कंटाळा आला होता. मोटारीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर हवं होतं. झोपायला बाक, औषधांचं कपाट, पाण्याची टाकी, सगळं आत. असलं काम म्हैसुरात कुणी केलेलं नव्हतं आणि ते ह्यांच्या वाट्याला आलं. काय सांगू तुला चंपे, तो माणूस जेवताना ताटातल्या भातात घर बांधायचा. मला समजावायचे, "ओढणाऱ्यापेक्षा मागचं हलकं हवं, फार तर तीनातले दोन हिस्से. मागचं भारी झालं तर उतारावर ते मोटारीला ढकलतं, आणि वळणावर आडवं करतं. बैल अंगावर गाडी आली तर पाय रोवतो, मोटार कुठे रोवणार?" म्हणून प्रत्येक फळी, प्रत्येक पट्टी, चाकं, टाकी, सगळं मामंजींच्या वजनांनी तोलून घेतलं. बेरीज तीस मण. मोटार रामोजीरावाने लाकडाच्या वखारीतल्या गाडीकाट्यावर चढवून आणली, ती नव्वद मण भरली. हे खूश, मागचं घर मोटारीच्या तिसऱ्या हिश्शाचं. त्या भरात त्यांनी सागवानी कपाटं होती तशीच जाड ठेवली.

पहिला प्रवास बेट्टदपुरचा ठरला, तिथे डोंगराखाली रोगी जमायचे होते. सकाळी कारखान्याच्या दारात सगळे जमले. डॉक्टर, मालक, अक्का आरतीचं ताट घेऊन आलेली. घर असं चकाकत होतं की मला रडू यायला लागलं. रामोजीराव मोटारीवर थोपटून मालकांना ऐकवत होता, "नव्वद मण हाय सायबांची मोटार. हे तीस मण काय, मागं आहे हे पण कळायचं नाही बघा."

नव्वद मण. मी नारळ हातात घेऊन उभी होते आणि मला एकदम ती गुळाची पिशवी आठवली. वखार म्हैसूरची, काटा म्हैसूरचा. मग मण कुणाचा?

चंपे, त्या क्षणी मी गप्प बसले असते तरी मला कुणी दोष दिला नसता. सहा महिने संपत आले होते. मालकांसमोर, डॉक्टरांसमोर नवऱ्याचं काम थांबवलं तर आमचं बोचकं बांधायला दुसऱ्या दिवशी मीच बसणार होते. पण हे त्या घराच्या मागच्या पायरीवर बसून जाणार होते. मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "दादा, थांबा. तुमचे मण कच्चे का पक्के?"

रामोजीराव म्हणाला, "मण म्हणजे मणच की वहिनी." हे माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. "अगं, तू गुळाचं बघ." मी म्हटलं, "गुळाचंच बघतेय." आणि अक्काच्या ताटातलं कुंकू बोटाने घेऊन त्या चकाकत्या दारावर लिहिलं. दहा त्यांचे, तीन आपले. नव्वद त्यांचे, सत्तावीस आपले. मोटार सत्तावीस आणि घर तीस.

मग डॉक्टर शांतपणे म्हणाले, "दोन्ही एकाच काट्यावर घाला." बैल जोडून घर वखारीत नेलं. काट्यावर भरलं शंभर मण, त्यांचे. ओढणारी नव्वद, ओढलं जाणारं शंभर. ह्यांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. ते वखारीतल्या ओंडक्यावर बसले आणि म्हणाले, "आबांची वजनं खोटी नव्हती गं." नव्हतीच. खोटं कुणाचंच काही नव्हतं, हेच तर सगळं दुखणं.

डॉक्टरांनी रोग्यांना दहा दिवस पुढची तारीख कळवली. "तेवढ्यात हलकं झालं तर मोटार, नाही तर मी आपला बैलगाडीने जातो," म्हणाले आणि निघून गेले.

ते दहा दिवस मी कधी विसरणार नाही. ह्यांनी आपल्या हाताने केलेली सागवानी कपाटं आपल्याच हाताने उखडली. पहिलं उखडताना दर खिळा पुसून बाजूला ठेवत होते, तिसऱ्याला शीळ घालत होते. लाकडी भिंतींच्या जागी बांबूचा सांगाडा आणि वर जाड कापड आलं. ते कापड मी आणि अक्काने समोरच्या शिंप्याच्या यंत्रावर शिवलं. यंत्र चालवायला मी तेव्हाच शिकले. पाण्याची टाकी मागे होती ती पुढे आणली, म्हणजे पुढची बाजू थोडी दाबलेली राहील आणि घर मागे उलटायला बघणार नाही. शेवटी काट्यावर अठ्ठावन्न भरले. इथलेच अठ्ठावन्न. ह्यांनी काटेवाल्याला तीनदा विचारलं, "कच्चे ना?" तो वैतागला.

ह्या खेपेला मी हट्टाने मोटारीत बसले. हिनकल मागे पडलं, दोन्ही बाजूंना नाचणीची शेतं, आणि पुढे एक लांब उतार लागला. रामोजीरावाने वेग कमी केला. मी मान मागे वळवून बघत होते. कापडाचं घर वाऱ्यात थोडं फुगलं, पण ढकललं नाही, हिसडा दिला नाही, मुकाट मागोमाग आलं. पायरीवरून हे ओरडले, "आलं गं, नीट आलं." मी मोटारीत एकटीच हसत सुटले. डॉक्टरांनी पुढच्या बाकावरून वळून विचारलं, "बाई, आता अजून काही मोजायचंय?" मी नाही म्हटलं. बेट्टदपुरला पोचलो तेव्हा रोग्यांच्या आधी सगळं गाव घर बघायला जमलं होतं. सहा महिने संपले तेव्हा मालकांनी ह्यांना काढायचं नावही घेतलं नाही.

आता तुझ्या लेकीच्या लग्नाची गोष्ट. तू ती सगळ्यांना सांगतेस, मग मीही सांगते. लाडवांसाठी मीच कऱ्हाडच्या दुकानात निरोप पाठवला, मणभर गूळ द्या म्हणून. थोड्या वेळाने हमाल घामाघूम होऊन दारात आला, डोक्यावर ही एवढी ढेप. मी त्याच्यावरच उखडले, "एवढा कशाला आणलास? मणभर सांगितला होता." तू पोट धरधरून हसलीस. मग हसणं थांबवून माझ्याकडे बघत म्हणालीस, "ताई, तू गेलीस गं आता." मी ढेप फोडायला बसले. वाईट वाटलं होतं, चंपे. आणि खरं सांगू, थोडं बरंही वाटलं होतं.

मामंजींची वजनं इथे पितळेसारखी घासून ठेवली आहेत, शेजारी इथली वजनं. हे आता दोन्ही वापरतात आणि आकड्यापुढे कच्चा का पक्का ते लिहितात.

परवाच्या पत्रात तू विचारलंस, घरी कधी येतेस. दिवाळीला येते. लग्नाच्या वेळी बोलले नाही ते आता लिहिते. मी घरूनच निघते आणि घरीच येते. गूळ मात्र तू सांगून ठेव, मी सांगायची नाही.