अकराव्या घरट्यातलं धाकटं

रत्नम्मा लातूरच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायच्या. परीक्षा संपून सुट्टी लागली, की शिरूर अनंतपाळकडच्या तलावावर जायच्या. तिथल्या बेटावर नदी सुरय घरटी करत. समुद्रपक्ष्यांच्याच कुळातला हा पक्षी, पण राहतो गोड्या पाण्यावर.

त्या उन्हाळ्यात तलाव आटला होता, मासळी घटली होती. जादा खाणं मिळालं तर किती पिल्लं तगतात, हे वनखात्याच्या परवानगीनं त्या तपासत होत्या. चौदा घरट्यांपैकी सात घरट्यांतल्या पिल्लांना रोज बोटाएवढी चिलापी मासळी भरवायची, उरलेल्या सातांना नाही. वजनं मात्र सगळ्यांची करायची. जन्मात मासळीला हात न लावलेल्या बाई चिमट्यानं मासे भरवत. चिडलेले सुरय टोचत, म्हणून डोक्यावर घमेलं.

नवव्या दिवशी भरवलेली पिल्लं गुबगुबीत झाली होती. उरलेल्या घरट्यांतली पाच धाकटी मेली होती. त्यांतल्याच अकराव्या घरट्यातलं धाकटं मान टाकून पडलं होतं.

त्यांना तराफ्यानं बेटावर आणणारा, श्रीमंत नावाचा गडी म्हणाला, "बाई, कळायचं ते कळलं न्हवं? मग कशाची वाट बघताय?"

रत्नम्मांना किल्लारीचं पत्र्याचं शेड आठवलं. भूकंपानंतर तिथं मिळणाऱ्या जादा दुधावर त्यांचा तान्हा भाऊ जगला होता. त्यांनी वहीत लिहिलं, 'प्रयोग आज थांबवला.' आणि पहिला मासा त्या धाकट्याच्या चोचीत दिला. त्यानं तो टाकला. दुसरा गिळला.

त्या दिवसापासून सगळ्यांनाच मासे मिळू लागले. धाकट्याच्या पायात त्यांनी निळं कडं घातलं. सोळा दिवस ते हळूहळू भरत गेलं आणि सतराव्या दिवशी घरट्यातून गायबच झालं. रत्नम्मांनी दगडन् दगड पालथा घातला. घारीनं नेलं असणार, असं म्हणत त्यांनी वही उघडली.

"बाई, तिकडं बघा की!"

पाण्यावरून आईमागं एक पिल्लू वेडंवाकडं उडत होतं. पायात निळं कडं. रत्नम्मांनी घमेलं काढलं, पदरानं तोंड पुसलं आणि घरी फोन लावला.

रोज फोनवर त्या धाकट्याची चौकशी करणाऱ्या सासूबाई नागम्मांनी आधी तेच विचारलं, "जगलं का गं ते?"

"जगलं, आत्या. उडालं बी!"